लहरी केसांना जेल नेमके कधी आणि किती लावावे?
नमस्कार. माझे केस खांद्याच्या थोडे खाली येतात आणि मुळात लहरी आहेत. मात्र अनेक वर्षे ते कोरडे असतानाच विंचरत राहिल्यामुळे त्या लहरी मला कधी नीट दिसल्याच नाहीत. गेल्या महिन्यापासून मी न्हाल्यावर ओल्या केसांना जेल लावून, डोके पुढे वाकवून, केस मुठीत घेऊन टोकांकडून मुळांकडे दाबते. वाळल्यावर येणारा कडकपणा हाताने चुरगाळून मोडायचा असतो, हे मला ठाऊक आहे. पण वरचे केस मऊ होतात, तर मानेजवळच्या बटा काडीसारख्या ताठ राहतात, आणि वाघोलीहून दुचाकीवर कामाला पोहोचेपर्यंत, या पावसाळी हवेत, कपाळाभोवतीचे केस पिंजारलेले असतात. हेल्मेट टाळता येत नाही आणि टाळूही नये. सोसायटीत टँकरचे जड पाणी येते, त्याचाही परिणाम होत असावा.

केसांतून पाणी निथळत असतानाच जेल लावावे की पंच्याने टिपून घेतल्यावर, आणि एवढ्या केसांना साधारण किती पुरते? समुद्री मिठाच्या स्प्रेने केस कोरडे पडतात म्हणून तो मी घेतला नाही. त्याऐवजी मूस (केसांना लावायचा फेस) हलके पडेल का? ज्यांना पुण्याच्या हवेत हे जमले आहे, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.