साखर ३६० होती तेव्हा ठणठणीत होतो, आता १२० ला घाम आणि थरथर. असं कुणाला झालंय का?

बोरीकाठ (अमळनेर)

नमस्कार मंडळी. वय ४७, अमळनेरला माझं कृषी केंद्र आहे. महिन्याभरापूर्वी पायाला खिळा लागला म्हणून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सहज बोट टोचलं तर ३६२! एचबीए१सी (मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) ११.४ निघालं. मला तर काहीच त्रास नव्हता. रात्री तीन-चारदा लघवीला उठायचो, पण पाणी जास्त पितो म्हणून होत असेल असं धरून चाललो होतो.

मेटफॉर्मिन दोन वेळा आणि सकाळी ग्लिमेपिराइड सुरू झालं. चहातली साखर बंद, शेवभाजी बंद, रात्री कळण्याची एकच भाकर. अठरा दिवस झाले. उपाशीपोटी १४०-१५० येते, दुपारच्या जेवणाआधी १२०-१३०. डॉक्टर खूश आहेत, पण माझे हाल आहेत. अकरा-साडेअकराला गल्ल्यावर बसलो की हात थरथरतात, मानेवर गार घाम येतो, पोटात खड्डा पडतो, आणि गिऱ्हाइकावर उगाच चिडतो. परवा एकाला युरियाचे सुटे पैसे दोनदा दिले. दोन वेळा त्याच क्षणी मोजलं: एकदा १३१, एकदा ११८. म्हणजे शुगर लो नाहीच. तरी गुळाचा खडा तोंडात टाकला की दहा मिनिटांत जिवात जीव येतो. मग तासाभराने २४०, आणि मी एकदम मस्त!

माय म्हणते, "हाई औषद तुले मानवत नही, सोडी दे." बायको म्हणते डॉक्टर बदला. मला हे विचारायचंय की त्या वेळेला नेमकं काय खावं, हे किती दिवस चालतं, आणि माझा मीटरच खोटा तर नाही ना? चांगला मीटर असेल तर तोही सांगा. आणखी एक, दरवर्षी चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जातो. यंदा सातवं वर्ष. जमेल का?

पांझराकाठी (धुळे)

भाऊ, अगदी डिट्टो माझी गोष्ट. माझं एचबीए१सी १२.१ होतं. गोळ्या सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात शाळेत फळ्यासमोर उभी होते आणि हातातला खडू गळून पडला. वाटलं आता गेले. बाकीच्या बाईंनी धरून बसवलं, कुणीतरी पेढा भरवला. घरी मोजलं तर १९०. पेढ्याआधी किती होती देव जाणे.

आमच्या डॉक्टरांनी एका वाक्यात समजावलं: तुमच्या शरीराला तीनशेची सवय झालीय, म्हणून त्याला सव्वाशे म्हणजे दुष्काळ वाटतो. कन्नड घाट उतरताना कान बंद होतात, म्हणून आपण गाडी परत वर नेत नाही. थोडी सावकाश उतरवतो, एवढंच. मी मात्र पहिले आठ दिवस गाडी वर नेत होते! थरथरलं की गोड, मग २५०, मग बरं, मग पुन्हा थरथर. तुम्ही गुळाच्या खड्याने तेच करताय. जोवर मधूनमधून २५० दाखवत राहाल तोवर शरीराला नवी सवय लागायचीच नाही.

मला साधारण पाच आठवडे लागले. एके दिवशी लक्षात आलं की ११५ आहे आणि मला काहीच होत नाहीये.

डॉक्टर बदलू नका, त्यांना फोन करा. हे त्यांना सांगितलंय का तुम्ही? तुमच्या पोस्टमध्ये ते कुठेच नाही.

औषधवाला (चाळीसगाव)

मेडिकल स्टोअर चालवतो, डॉक्टर नाही, हे आधी सांगतो. पण अशी तक्रार घेऊन महिन्याला दोन-तीन जण काउंटरवर येतात आणि निम्म्यांनी तोवर गोळी बंद केलेली असते.

याला खोटा हायपो म्हणा. खरा हायपो म्हणजे साखर ७० च्या खाली, आणि ५४ च्या खाली गेली तर गंभीर. पण घाम, थरथर, धडधड, भूक हे सगळं थेट साखर करत नाही. साखर कमी पडतेय असं वाटलं की शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडतं आणि नसांमधून इशारा देतं, त्याचा तो खेळ असतो. धोक्याची घंटा कोणत्या आकड्याला वाजवायची हे शरीर सवयीवरून ठरवतं. १९८८ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला होता. त्यात साखर मुद्दाम हळूहळू उतरवली. मधुमेह नसलेल्यांना त्रास साधारण ५३ ला जाणवला, ज्यांची साखर कायम वाढलेली होती त्यांना ७८ लाच. त्यात उतरण्याचा वेग धरा. दोनशेवरून भराभर ११८ वर आली तर मीटर ११८च दाखवणार, ती घसरतेय हे त्याला दाखवता येत नाही. म्हणून आकडा चांगला असला तरी तुमचा त्रास खरा आहे. कुणी "मनाचे खेळ" म्हणालं तर ऐकू नका.

आता खाण्याचं. आधी मोजायचं, मग खायचं. ७० च्या खाली असेल तर चहाचे तीन चमचे साखर किंवा तेवढाच ग्लुकोज पाण्यात घालून लगेच घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच. पेढा, बिस्कीट, चॉकलेट नको, तुपा-दुधामुळे साखर हळू चढते. ७० च्या वर असेल तर गोड नको. बसा, पाणी प्या, जेवणाची वेळ जवळ आली असेल तर सरळ जेवा, नाहीतर मूठभर फुटाणे. पंधरा मिनिटांनी परत मोजा, कारण ११८ ही वाटेतली पाटी असू शकते, मुक्कामाचं गाव नव्हे. आणि मीटर जवळ नसेल तर मात्र लो आहे असंच समजून साखर घ्या. एखाद्या वेळी २५० झाली तर चालेल, ४० नको.

तुमची मेटफॉर्मिन एकटी सहसा लो करत नाही. ग्लिमेपिराइड करते, कारण ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात की नाही हे न बघता. म्हणून विचारतो: सकाळची गोळी घेतल्यावर काय खाता आणि दुपारी किती वाजता जेवता?

निसर्गमित्र_७१

इंग्रजी औषधांनी शरीर असंच पोखरलं जातं. सगळ्या गोळ्या बंद करून जांभळाच्या बियांची भुकटी आणि कारल्याचा रस उपाशीपोटी घ्या. २१ दिवसांत मुळापासून जाईल. मेसेज करा, पत्ता देतो.

तापीनं_पानी

भाऊ, त्या बिया वावरमा पेरी दे. मन्हा काकानी आशीच भुकटी खाईसन गोया सोडी दिन्यात. चार महिनामा साखर ५०० वर गयी नि पायना आंगठा काढना पडना. बोरीकाठ भाऊ, तुना पायले आधीच खिळा लागेल शे. गोयी सोडू नको, बस.

केळीबाग (रावेर)

मीटरबद्दल बोलतो, कारण मी स्वतः फसलोय. बागेतून आलो, केळं सोलून नातवाला दिलं आणि तसंच बोट टोचलं: ३१२. घाबरलो. साबणाने हात धुऊन पुसले, परत घेतलं: १४८. फळाची साखर बोटाला लागलेली असते, ती थेंबात उतरते. तेव्हा आधी हात धुवा आणि कोरडे करा, ओल्या बोटानेही आकडा चुकतो. सॅनिटायझरवर भागवू नका.

दुसरं, पट्ट्या. आपल्याकडे मार्चलाच दुकानाचा पत्रा तापतो, भुसावळ-जळगावचा मे तर विचारू नका. बहुतेक पट्ट्यांच्या डबीवर ३० अंशांच्या आत ठेवा असं लिहिलेलं असतं. गाडीच्या डिकीत, काउंटरच्या काचेखाली ठेवू नका. डबीचं झाकण उघडं राहिलं तरी पट्टी खराब होते.

कोणता मीटर घ्यावा? ज्याच्या पट्ट्या तुमच्या गावात बारा महिने मिळतात तो. मी स्वस्त म्हणून ऑनलाइन मागवला होता, पट्ट्या संपल्यावर जळगावपर्यंत हिंडलो तरी मिळाल्या नाहीत. आता तो नातवाचं खेळणं आहे. आणि चांगल्या मीटरलाही १५ टक्के इकडेतिकडे चालतं. तुमची ११८ खरी १०३ असू शकते, १३५ सुद्धा. शंका आली तर लॅबमध्ये रक्त द्याल त्याच वेळी आपल्या मीटरवरही घ्या आणि ताडून बघा.

सिस्टर_नंदुरबार

सगळ्यांनी छान सांगितलंय, पण एक राहिलं. घाम आला म्हणजे साखरच, असं धरून बसू नका. मधुमेहात हार्ट अ‍ॅटॅक छातीत फारसं न दुखताही येतो. गार घामासोबत छातीत जडपणा, जबडा किंवा डावा हात दुखणं, धाप लागणं यातलं काही असेल तर मीटर बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा. वय ४७ आहे आणि साखर इतकी वर्षं न कळता वाढलेली असू शकते, म्हणून अजून काढला नसेल तर एकदा ईसीजी काढून घ्या.

बीपीही मोजा. साखर खूप असते तेव्हा लघवीवाटे पाणी निघून जातं, अंगात पाणी कमी पडलं की उठताना भोवळ येते. बीपीसाठी बीटा ब्लॉकर घेत असाल तर धडधड आणि थरथर झाकली जाते, घाम मात्र येतो. घरच्यांना सांगून ठेवा: माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळत नसेल तर तोंडात साखर, पाणी काहीही घालायचं नाही. १०८ ला फोन.

आणि थरथर सुरू असताना मोटारसायकल चालवायची नाही. हे पुरुषमंडळींना चारदा सांगावं लागतं.

गिरणाकाठ (भडगाव)

मी उलटी चूक केली होती. १३ एचबीए१सी होतं, जोशात येऊन भाकरी-भात सगळं बंद केलं, रोज दहा किलोमीटर चालायचो, गोळ्याही चालूच. तीन महिन्यांत ७.८! घरी सत्कार व्हायचा बाकी होता. आणि मग तळपाय पेटले. रात्री चादर लागली तरी सहन होईना. डॉक्टर म्हणाले, साखर फार झपाट्याने उतरली की नसांना असा त्रास होऊ शकतो. कमी व्हायला वर्षभर लागलं. डोळ्यांच्या पडद्याचंही तसंच, आधीच खराबी असेल तर झपाट्याने साखर उतरताना ती सुरुवातीला वाढू शकते. म्हणून पडदा तपासून घ्या.

तुम्हाला जवळचं वाचताना धूसर दिसतं का? दिसत असेल तर लगेच चष्मा करू नका. साखर बदलली की डोळ्यातलं भिंग फुगतं-उतरतं, नंबर हलतो. मी घाईत केलेला चष्मा दीड महिन्यात निकामी झाला.

बोरीकाठ

सगळ्यांचे आभार. धूसर दिसतं हो! खताच्या गोणीवरचं बारीक वाचता येत नव्हतं, उद्याच चष्म्याला जाणार होतो. वाचले पैसे.

औषधवाले भाऊ, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलं. सकाळी आठला गोळी, तिच्यासोबत बिनसाखरेचा चहा आणि दोन टोस्ट. जेवण दोनला, गिऱ्हाईक असलं तर तीनला. परवा डॉक्टरांना फोन केला. ते उलट माझ्यावरच चिडले की अठरा दिवस गप्प का बसलात. ग्लिमेपिराइड निम्मी केली, सकाळी गोळीबरोबर नीट खायला सांगितलं आणि जेवण साडेबाराला. म्हणाले की दोन-तीन आठवडे १५०-१६० राहिली तरी चालेल, नंतर हळूहळू खाली नेऊ. ईसीजी नॉर्मल, बीपी १३०/८४.

आता सकाळी एक भाकर आणि मेथीची भाजी खाऊनच दुकान उघडतो. काल साडेअकराला पुन्हा भूक खवळली, हात थोडे हलले. मोजलं, १४२. गुळाची बरणी समोरच होती. बायकोने ती उचलून आत नेली आणि फुटाणे ठेवले. वीस मिनिटं वाईट गेली, खोटं कशाला सांगू. मग ओसरलं. पुन्हा मोजलं, १३८.

गडाचं कुणीच बोललं नाही. मी अनवाणी जातो.

सिस्टर_नंदुरबार

मुद्दामच बोलले नव्हते. अनवाणी? पायाला खिळा लागलेला, एचबीए१सी ११.४, तळपायाची जाणीव तपासलेली नाही, आणि चैत्रातलं डांबर! जखम पूर्ण भरलीय का ते आधी डॉक्टरांना दाखवा. पायाची तपासणी सोपी असते, नायलॉनच्या बारीक दोऱ्याने टोचून बघतात. ते म्हणाले जा, तर बूट घालून जा. चालण्याने साखर आणखी उतरते, म्हणून त्या दिवसांत गोळी किती घ्यायची तेही त्यांनाच विचारा. एकटे चालू नका. सोबतच्या एकाच्या तरी खिशात ग्लुकोज आणि मीटर असू द्या, सगळं सामान पुढच्या टेम्पोत नको.

बोरीकाठ

दाखवला पाय. जखम भरलीय, जाणीवही ठीक आहे. धुळ्यापर्यंत गाडीने आणि तिथून पुढे दिंडीसोबत पायी, एवढ्याला होकार मिळालाय. बुटांचं मायला सांगायची भीती वाटत होती. ती म्हणे, "देवी काय तुना पाय दखस का?"

औषधवाला (चाळीसगाव)

बूट नवे असतील तर आत्तापासून रोज तासभर घालून सैल करा, नाहीतर पहिल्याच मुक्कामाला फोड येईल. मोजे सुती. आणि रोज रात्री तळवे कुणाकडून तरी बघून घ्या, स्वतःला नीट दिसत नाहीत.