जुन्या रस्त्यांवरची वाहतूक-व्यवस्था कोणाच्या सोयीसाठी उभी राहिली?

वाटसरू : सिग्नल, पट्टे आणि फलक हे पादचाऱ्याच्या रक्षणासाठी आले, असे सरसकट लिहिले जाते, मला ते पटत नाही. पाँपेई या प्राचीन रोमन शहराच्या रस्त्यांत आडवे मांडलेले उंच दगड आजही दिसतात. त्यांवरून माणूस पाय न भिजवता पलीकडे जाई आणि गाडीची चाके मधल्या फटींतून नेताना गाडीवानालाच जपून हाकावे लागे. रोममध्ये सीझरच्या काळातील नियमाने सूर्योदयापासून दिवसाच्या दहाव्या तासापर्यंत, म्हणजे दुपार उलटेपर्यंत, बहुतेक गाड्यांना शहरात बंदी होती. ब्रिटनमध्ये १८६५च्या कायद्याने यांत्रिक गाडीपुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालवला आणि तिचा वेग शहरात ताशी २ मैलांवर बांधला. बंधन वाहनावर होते. पुढे लॉस एंजेलिसच्या १९२५च्या नियमांनी माणसालाच ठरावीक जागी ओलांडायला लावले, आणि सर्वांचा असलेला रस्ता मोटारींच्या स्वाधीन झाला.

खडीकाम : आपण उदाहरणे सोयीची निवडली आहेत. रोममधील बंदीतून देवळांच्या बांधकामाचे सामान वाहणाऱ्या गाड्या वगळल्या होत्या. प्रश्न अरुंद गल्ल्यांतील कोंडीचा होता. लाल निशाण तर घोडेस्वारांना आणि घोडागाडी हाकणाऱ्यांना सावध करण्यासाठी होते, कारण वाफेच्या इंजिनाने घोडे बुजत. शिवाय लंडनमध्ये पार्लमेंटजवळचा पहिला सिग्नल डिसेंबर १८६८ मध्ये उभा राहिला, तेव्हा रस्त्यावर मोटारी नव्हत्याच. जे. पी. नाइट या रेल्वे अभियंत्याने रेल्वेच्या धर्तीवर तो घडवला होता : दिवसा हलणारे हात, रात्री गॅसचे लाल-हिरवे दिवे. घोडागाड्यांच्या गर्दीतून पायी माणसाला वाट मिळावी, हाच त्याचा हेतू होता. महिनाभरातच गॅसचा स्फोट होऊन तो चालवणारा पोलीस जखमी झाला, म्हणून प्रयोग थांबला. हेतू खोटा ठरला म्हणून नव्हे.

वाटसरू : निशाण घोड्यांसाठी होते हे मान्य केले, तरी सावध करण्याचा भार गाडीवाल्यावरच होता, आणि माझा मुद्दा तोच आहे. १९२३ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात मोटारींना ताशी २५ मैलांच्या वर जाऊच न देणारे यंत्र बसवण्याचा प्रस्ताव मतदानाला आला. मोटारविक्रेत्यांनी त्याविरुद्ध जोरदार प्रचार केला आणि तो पडला. रस्ता कोणाचा, हा वाद त्या मतदानातच स्पष्ट दिसतो.

मैलाचा दगड : डेट्रॉइटमध्ये १९२० साली विल्यम पॉट्स या पोलिसाने लाल-हिरव्यात पिवळा दिवा घातला, तो चौकात शिरलेल्या वाहनांना बाहेर पडायला अवधी मिळावा म्हणून. येथे पादचाऱ्याचा विचार दुय्यमच होता, त्यामुळे या काळापुरते वाटसरू यांचे म्हणणे मला पटते.

खडीकाम : मग ब्रिटनमधले १९५१चे झेब्रा पट्टे कुठे बसवायचे? आधी तेथे धातूच्या खुंट्यांनी आखलेली ओलांडण्याची जागा चालकाला लांबून नीट दिसत नसे, म्हणून काळे-पांढरे पट्टे रंगवले गेले, आणि पट्ट्यावर पाऊल ठेवणाऱ्यासाठी थांबण्याची सक्ती चालकावर राहिली. मोटारयुगातच, मोटारवाल्यावरच.

वाटसरू : पट्ट्यावर पाऊल ठेवणाऱ्यासाठी, हे आपणच लिहिलेत. पाँपेईच्या माणसाला दगड सोडून मध्येच उतरायलाही कोणी मज्जाव केला नव्हता.