शब्दचर्चा : ‘डिटरन्स’ म्हणजे निवारण, धाक की वचक?

मूळ प्रश्न (कोथरूड)

आमच्या भागातील ज्येष्ठ नागरिकांच्या वाचनवर्गात पुढील महिन्यात भारताच्या अण्वस्त्रधोरणावर चर्चा ठेवली आहे आणि तिच्यासाठी दोन पानांचे मराठी टिपण तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी संरक्षणशास्त्राचा अभ्यासक नाही. बँकेतून निवृत्त झालेला सामान्य वाचक आहे. ४ जानेवारी २००३ रोजी मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने जाहीर केलेल्या धोरणात अगदी आरंभीच ‘क्रेडिबल मिनिमम डिटरन्ट’ (म्हणजे शत्रू भिऊन हल्ला करण्यास धजणार नाही असे, खरे वाटणारे पण किमान अण्वस्त्रबळ) उभारण्याचा आणि राखण्याचा उल्लेख आहे, आणि मी तिथेच अडलो आहे. मराठी वर्तमानपत्रांत आणि लेखांत यासाठी कधी ‘प्रतिरोध’, कधी ‘निवारण’, तर कधी ‘प्रतिबंध’ हा शब्द वाचायला मिळतो. हे तिन्ही शब्द एकाच अर्थाचे कसे असू शकतील?

पुण्यात राहणाऱ्यांना हा विषय परका नाही. लष्कराच्या दक्षिण कमांडचे मुख्यालय इथे आहे, खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, पाषाणला शस्त्रास्त्र संशोधनाच्या प्रयोगशाळा आहेत आणि लोहगावच्या तळावरून उडणाऱ्या लढाऊ विमानांचा आवाज शहराच्या अंगवळणी पडलेला आहे. मे २०२५ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांच्यात चार दिवस संघर्ष चालला होता, तेव्हा आमच्या वर्गातील जवळजवळ प्रत्येकाने एकच गोष्ट विचारली होती : दोन्हीकडे अण्वस्त्रे आहेत म्हणून आपण सुरक्षित आहोत, की दोन्हीकडे ती आहेत म्हणूनच अधिक धोक्यात आहोत? टिपणात मी जो शब्द वापरीन तो या प्रश्नाचे अर्धे उत्तर परस्पर देऊन टाकील, असे मला वाटते, आणि म्हणून जाणकारांचे मत हवे आहे.

प्रतिसाद (औंध)

आपली शंका रास्त आहे. तिन्हींपैकी ‘निवारण’ हा शब्द मराठीत तरी वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण तक्रार निवारण म्हणतो, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या जोडीने व्यसन निवारण म्हणतो, शंकानिवारण तर रोजच्या बोलण्यातले आहे. या प्रत्येक ठिकाणी समासातील पहिले पद नाहीसे करायचे असते. त्यामुळे ‘अण्वस्त्र निवारण’ हे शब्द कानांवर पडले, की मराठी माणूस सहजच समजेल की अण्वस्त्रे नाहीशी करण्याची ही एखादी मोहीम आहे, आणि धोरणाचा अर्थ तर याच्या नेमका उलट, म्हणजे अण्वस्त्रे बाळगण्याचा आहे. अनुवादात अर्थ थोडा सरकणे क्षम्य असते, पण इथे तो उलटाच होतो.

‘प्रतिबंध’ शब्दाचीही तीच गत आहे. २०१७ साली संयुक्त राष्ट्रांत अण्वस्त्रांवर बंदी घालणारा करार संमत झाला आणि २२ जानेवारी २०२१ पासून तो अमलात आला. त्या कराराला ‘अण्वस्त्र प्रतिबंध करार’ म्हणणे योग्यच आहे. भारताने आणि अण्वस्त्रे असलेल्या इतर कोणत्याही देशाने त्याचा स्वीकार केलेला नाही. तोच शब्द आपण अण्वस्त्रे राखण्याच्या धोरणालाही लावला, तर वाचकाने दोहोंत भेद कसा करावा?

राहिला ‘प्रतिरोध’. आपल्या मराठीत प्रतिरोध म्हणजे आलेल्या हल्ल्याशी केलेला सामना. शरीर रोगाचा करते तो. अण्वस्त्राच्या बाबतीत तसा सामना बहुतांशी शक्यच नाही, आणि म्हणूनच तर हल्ला होण्याआधी समोरच्याच्या मनात भीती निर्माण करण्याचा मार्ग निघाला. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील भय दाखवून परतवण्याचा अर्थ आहे आणि आपल्या तिन्ही पर्यायांतून नेमके तेवढे भयच गळून गेले आहे. माझ्या मते हे अनवधानाने झाले असले, तरी त्याचा परिणाम लहान नाही, कारण ज्या धोरणाचा सारा भार भयावर आहे, ते धोरण या शब्दांमुळे एखाद्या आरोग्ययोजनेसारखे निरुपद्रवी वाटू लागते.

प्रतिसाद (नारायण पेठ)

वरील विवेचनाशी मी पूर्ण सहमत आहे. भय व्यक्त करणारे शब्द मराठीत मुबलक आहेत आणि ते एकमेकांपासून इतके काळजीपूर्वक वेगळे राखलेले आहेत, की या विषयाला संस्कृत शब्द घडवण्याची गरजच नव्हती. धाक, वचक, जरब, दरारा, दहशत, धास्ती यांतला कोणताही शब्द दुसऱ्याच्या जागी ठेवून पाहा. वाक्य लगेच बिघडते.

‘जरब’ मला या संदर्भात सर्वांत बोलका शब्द वाटतो. तो अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि त्याचा मूळ अर्थ प्रहार, घाव असा आहे. मुघल नाण्यांवर टाकसाळीच्या गावाआधी हाच शब्द येतो, कारण नाणे ठोकून पाडले जाई. मराठीत मात्र ठोसा मागे पडला आणि ठोशाची भीती तेवढी उरली. ‘त्याला चांगली जरब बसली’ असे आपण म्हणतो, तेव्हा एकदा कधी तरी घाव बसला होता आणि त्याच्या आठवणीने तो माणूस आता वागतो आहे, असा अर्थ असतो. अण्वस्त्रांबाबत जगाला बसलेली जरब अशाच एका घावातून आली आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर टाकलेला बॉम्ब सुमारे १५ किलोटन क्षमतेचा होता आणि त्या वर्षाअखेरपर्यंत त्या एका शहरात सुमारे १,४०,००० माणसे मेली. तीन दिवसांनी नागासाकीवर दुसरा बॉम्ब पडला. त्यानंतर युद्धात अण्वस्त्र वापरले गेलेले नाही. जरब टिकली आहे, परंतु ज्यांनी तो घाव सोसला त्यांची पिढी आता संपत आली आहे, आणि घाव विसरला गेला तर जरब किती काळ टिकेल, ही माझी खरी चिंता आहे.

आता धाक आणि वचक. या दोहोंचे व्याकरण पाहिले तर आपला पुष्कळसा गुंता सुटेल. धाक ‘दाखवतात’, ‘घालतात’. म्हणजे धाकाची सुरुवात ज्याच्याकडे बळ आहे त्याच्यापासून होते. वचक ‘बसतो’, ‘राहतो’, आणि तो समोरच्याच्या मनात असतो. वचक दाखवला, असे कोणी म्हणत नाही. इंग्रजीत ‘डिटरन्ट’ हे साधन आहे आणि ‘डिटरन्स’ ही त्यातून निर्माण होणारी स्थिती आहे. तेव्हा साधनासाठी ‘अण्वस्त्रांचा धाक’ आणि स्थितीसाठी ‘वचक’ अशी विभागणी करता येईल. धाक किती दाखवावा हे आपल्या हाती आहे. वचक बसला की नाही, हे मात्र समोरचा ठरवतो, आणि अण्वस्त्रांविषयीचा जवळजवळ प्रत्येक वाद या दोहोंमधल्या अंतराबद्दलचा आहे.

वचकाचा आणखी एक गुण सांगतो. ‘या चौकीचा भागात वचक आहे’ असे म्हटले, म्हणजे तिथे चोरीच होत नाही, असा अर्थ कोणी घेत नाही. निवारण हा शब्द पूर्ण सुरक्षिततेची हमी देतो. वचक तशी हमी देत नाही, आणि इतिहासही देत नाही. मे १९९८ मध्ये भारताने पोखरणला आणि पाकिस्तानने चागाईला चाचण्या केल्या, आणि वर्षभरात कारगिलचे युद्ध झाले. वचक असूनही ते युद्ध टळले नाही. मात्र ते एका मर्यादेत राहिले, भारतीय हवाई दलाला नियंत्रण रेषा न ओलांडण्याची सक्त सूचना होती, आणि दोन्ही बाजूंना थांबायचे कुठे याचे भान होते असे दिसते. म्हणजे वचकाने युद्धाला आळा बसला, युद्ध नाहीसे झाले नाही. मराठी वाचकाला एवढे खरे सांगणारा शब्द हाताशी असताना आपण निवारणासारखा शब्द का वापरावा?

प्रतिसाद (खडकी)

एक आक्षेप नोंदवतो. धाक हा घरातला शब्द आहे. तो वडिलांचा मुलांना, शिक्षकांचा विद्यार्थ्यांना, थोरल्या भावाचा धाकट्याला असतो. तो वरून खाली जातो आणि त्यात थोडा अधिकार, थोडा जिव्हाळाही असतो. अण्वस्त्रसज्ज देशांत कोणी थोरले नाही, कोणी धाकटे नाही. दोघेही एकमेकांना धाक दाखवतात आणि दोघेही एकमेकांना भितात. म्हणून ‘परस्परधाक’ म्हटल्याशिवाय चित्र पुरे होणार नाही.

शिवाय परस्परधाकात समज-गैरसमजाला जेवढी जागा आहे तेवढी घरातल्या धाकात नसते. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री सोव्हिएत संघाच्या इशारा यंत्रणेने अमेरिकेची क्षेपणास्त्रे येत असल्याचे दाखवले होते. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने यंत्रणा फसली होती, आणि कामावर असलेले लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव यांनी तो इशारा खोटा ठरवला म्हणून पुढचे टळले. आपल्याही बाबतीत ९ मार्च २०२२ रोजी भारताचे एक क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडले. त्यावर स्फोटक अग्र नव्हते आणि पाकिस्तानने प्रतिहल्ला केला नाही. या दोन्ही प्रसंगी जगाला वाचवले ते वचकाने नव्हे, तर समोरच्याने घाई न केल्याने.

आपल्या टिपणात हेही घ्यावे की दोन्ही देश १९९२ पासून दर वर्षी १ जानेवारीला आपापल्या अणुप्रकल्पांच्या याद्या एकमेकांना देतात, कारण या प्रकल्पांवर हल्ला न करण्याचा करार १९८८ च्या अखेरीस झाला आहे. कारगिलच्या वर्षानंतरही हा रिवाज खंडित झालेला नाही. याला धाकही म्हणता येणार नाही आणि वचकही नाही. हा साधा, कागदोपत्री विश्वास आहे, आणि सामान्य माणसाला तो अधिक आधार देतो.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. एक उपप्रश्न : मे २०२५ मध्ये पंतप्रधानांनी भाषणात ‘अण्वस्त्रांचे ब्लॅकमेल’ सहन करणार नाही असे म्हटले होते. आपण धाक शब्द घेतला, तर धाक आणि ब्लॅकमेल यांतला फरक वाचकाला कसा समजावायचा? दोहोंत भीतीच आहे.

प्रतिसाद (नारायण पेठ)

त्यासाठी ‘धमकी’ हा शब्द पुरेसा आहे. धाकाने समोरच्याला एखादी गोष्ट करू देत नाहीत. धमकीने त्याच्याकडून काही तरी उकळतात किंवा आपले कृत्य त्याला गिळायला लावतात. ‘आमच्यावर अण्वस्त्र टाकलेत तर आम्हीही टाकू’ हा धाक झाला. ‘आम्ही काहीही केले तरी गप्प बसा, कारण आमच्याकडे अण्वस्त्रे आहेत’ ही धमकी झाली. व्यवहारात सीमा धूसर असते आणि प्रत्येक देश आपल्या वागण्याला धाक आणि दुसऱ्याच्या वागण्याला धमकी म्हणतो, हे मात्र टिपणात जरूर लिहावे. भारताचा अपवाद करू नये.

प्रतिसाद (वानवडी)

माझा आक्षेप ‘क्रेडिबल’च्या ‘विश्वसनीय’ या अनुवादाला आहे. मराठीत विश्वसनीय ही स्तुती आहे. आपण विश्वसनीय मित्र म्हणतो, विश्वसनीय बातमी म्हणतो. इथे अभिप्रेत आहे ते एवढेच, की शत्रूला हा धाक पोकळ वाटू नये. ‘पोकळ धमकी’ हा आपला रूढ प्रयोग आहे, तेव्हा ‘पोकळ नसलेला’ किंवा ‘खरा वाटणारा’ असे साधे मराठी लिहावे.

दुसरा आणि माझ्या दृष्टीने अधिक गंभीर आक्षेप त्याच धोरणातील पुढच्या भागाच्या अनुवादाला आहे. भारतावर अण्वस्त्रहल्ला झाल्यास प्रत्युत्तर प्रचंड असेल आणि ते ‘अस्वीकारार्ह हानी’ करण्यासाठी योजलेले असेल, असे मराठीत लिहिले जाते. अस्वीकारार्ह हा कार्यालयातील शब्द आहे. मुदत टळल्यावर आलेला अर्ज अस्वीकारार्ह असतो. इथे तर लाखो माणसे मरणार आहेत. हिरोशिमात जखमींवर उपचार करायला डॉक्टर आणि परिचारिका जवळजवळ उरल्या नव्हत्या, कारण शहरातील बहुतेक जणी आणि जण स्वतःच मेले किंवा जखमी झाले होते. आपल्या शहराच्या बाबतीत हे कल्पनेत आणून पाहा, म्हणजे अस्वीकारार्ह या शब्दाचा तोकडेपणा लक्षात येईल. ‘असह्य हानी’ लिहावे. असह्य या शब्दात सोसणारा माणूस असतो, आणि तो सीमेच्या कोणत्या बाजूचा आहे हे तो शब्द विचारत नाही. मी अण्वस्त्रे एकतर्फी टाकून द्यावीत या मताची नाही, शेजारी पाहता ते शहाणपणाचे ठरेल असे मला वाटत नाही. पण ती बाळगायची तर त्यांनी काय होते ते तरी झाकले जाऊ नये.

मूळ प्रश्नकर्ता

आपणा सर्वांच्या सूचनांनंतर टिपणातील धोरणाचा परिच्छेद मी पुढीलप्रमाणे केला आहे. काही खटकल्यास अवश्य कळवावे.

‘भारत प्रथम अण्वस्त्र वापरणार नाही. शत्रूला पोकळ वाटणार नाही इतका, पण किमान, अण्वस्त्रांचा धाक भारत राखील. भारताच्या भूमीवर किंवा कोठेही असलेल्या भारतीय सैन्यावर अण्वस्त्रहल्ला झाल्यास भारताचे प्रत्युत्तर प्रचंड आणि असह्य हानी करणारे असेल, आणि तशी आज्ञा फक्त नागरी राजकीय नेतृत्व देईल. मोठ्या प्रमाणावर जैविक किंवा रासायनिक अस्त्रांचा हल्ला झाल्यास अण्वस्त्रांनी उत्तर देण्याचा पर्याय भारताने खुला ठेवला आहे. या धाकाने समोरच्यावर वचक बसावा, अशी अपेक्षा आहे.’

शेवटचे वाक्य मूळ धोरणात नाही, ते माझे आहे, आणि टिपणात तसे नमूद करीन. ‘अपेक्षा’ऐवजी ‘खात्री’ लिहावे, असे घरातून सुचवले गेले होते. वरील चर्चा वाचल्यावर मी अपेक्षाच ठेवले आहे.