मदत हवी आहे: जुन्या स्नोमोबाइलचं इंजिन गरम झालं की आपोआप रेस होतं

मंडळी, मी मिनेसोटात असतो. शेजारच्या आजोबांकडून १९७०च्या दशकातली एक स्नोमोबाइल (बर्फावर चालणारी गाडी) जवळजवळ फुकटात मिळाली. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, ४४० सीसी, पंख्याने थंड होणारं इंजिन. बाबांची राजदूत उघडून-जोडून मोठा झालो, त्यामुळे हौस दांडगी!

कार्ब्युरेटर साफ केला, पेट्रोलच्या नळ्या नव्या घातल्या, इग्निशनचे पॉइंट घासले. थंडीत तिसऱ्यांदा दोरी ओढली की सुरू होते. पण दहा मिनिटांनी थ्रॉटल सोडला तरी रेस उतरत नाही, चोक ओढला की खाली येते. मॅग्नेटोकडचा (ठिणगीसाठी वीज बनवणाऱ्या भागाकडचा) प्लग छान तपकिरी, क्लचकडचा मात्र खडूसारखा पांढरा, म्हणजे तिकडे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त जातेय. कॉम्प्रेशन ११५ आणि १२० पीएसआय (दाबाचं एकक). इनटेकच्या रबरावर क्लीनर फवारून पाहिला, काही फरक नाही, म्हणजे तिथून हवा शिरत नसावी.

मला क्लचकडच्या क्रँक सीलमधून (क्रँकशाफ्टच्या टोकाशी हवा अडवणाऱ्या रबरी कड्यातून) हवा शिरत असल्याचा संशय आहे. इनटेक-एक्झॉस्ट बुजवून ५-६ पीएसआय हवा भरून घरी कुणी तपासलंय का? सील बाहेरूनच बदलता येतं, की क्रँककेस (क्रँकशाफ्टभोवतीचा इंजिनाचा डबा) उघडावीच लागते? पिस्टन वितळायच्या भीतीने सध्या चालवत नाहीये. बाहेर बर्फ मात्र मस्त पडलाय.