असिस्टंट मॅनेजरचा 'सीनियर इंजिनिअर' होतोय. परचेसवाल्यांनो, पदाला किती किंमत द्यायची?

भोसरीचा_बायर (धागाकर्ता)
भोसरीतल्या शंभर-सव्वाशे माणसांच्या कंपनीत परचेस बघतो. डिप्लोमा मेकॅनिकल, ११ वर्षं झाली. कार्डावर 'असिस्टंट मॅनेजर – परचेस'. ऐकायला झकास, पण कास्टिंगपासून फिनाइलपर्यंत सगळं मीच मागवतो आणि ५,००० च्या वर काही असलं की फाइल घेऊन मालकांच्या केबिनबाहेर उभा.

आता चाकणच्या एका मोठ्या कंपनीची ऑफर आलीय. पगार २० टक्के जास्त, काम फक्त ॲल्युमिनियम डाय-कास्टिंगचं (धातू दाबाने साच्यात भरून बनवलेले पार्ट). पद मात्र 'सीनियर इंजिनिअर – सोर्सिंग'. एचआर म्हणते, आमच्याकडे असिस्टंट मॅनेजर अजून दोन ग्रेड वर. सासऱ्यांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे खाली उतरलात?"

माझं मत: जो दर ठरवतो तो बायर, पदाचं काय घेऊन बसायचं. पण मग रात्री झोप का येत नाही, म्हणून इथे विचारतोय.

ग्रे_आयर्न
डोळे झाकून घ्या. परचेसमध्ये माणसं दोनच प्रकारची, दर ठरवणारी आणि पीओ (परचेस ऑर्डर) पाडणारी. कार्डावरून कोण कुठला ते कधीच कळत नाही.

मी इंटरव्ह्यू घेतो तेव्हा टेबलावर एक मशिनिंग झालेला पार्ट ठेवतो आणि म्हणतो, याचा मशिनिंगचा दर काढा. ज्याला काम येतं तो आधी सायकल टाइम विचारतो, म्हणजे एका पार्टला मशीनवर लागणारा वेळ. ६ मिनिटं. मग मशीन अवर रेट, म्हणजे मशीनचा तासाचा दर. व्हीएमसी मशीनचे ४५० धरा. झाले ४५ रुपये, वर १० टक्के नफा, साडेएकोणपन्नास. सप्लायरने ६२ मागितले असतील तर बोलायला जागा कुठे आहे ते त्याला दिसतं. आणि 'मॅनेजर'साहेब काय विचारतात? "सर, लास्ट परचेस प्राइस काय आहे?"

रेट_काँट्रॅक्ट
ग्रे_आयर्न, तुम्हाला पदाची गरज पडली नाही म्हणून ते फुकटचं वाटतं.

मी ९ वर्षं इलेक्ट्रिकल्स बघते. 'एक्झिक्युटिव्ह' होते तेव्हा नाशिकजवळ अंबडला एका सप्लायरकडे गेले, सोबत आमचा सहा महिन्यांचा ट्रेनी. मालकांनी चहा मागवला, खुर्ची त्याच्याकडे वळवली आणि विचारलं, "साहेब, रेटचं काय करताय?" तो बिचारा माझ्याकडे बघतोय. पुढच्या वर्षी कार्डावर 'मॅनेजर' आलं. माझं ज्ञान तेवढंच होतं, खुर्ची मात्र माझ्याकडे वळली. सायकल टाइम काढता येणं वेगळं आणि तो काढू दिला जाणं वेगळं.

ग्रे_आयर्न
मान्य, हे माझ्या बाबतीत कधी घडलं नाही. तरी तो दोष त्या मालकाचा, पदाचा नाही.

रेट_काँट्रॅक्ट
दोष कुणाचाही असो, वाटाघाट त्याच टेबलावर करायची असते ना?

कोपऱ्यातली_लेथ
पलीकडच्या बाजूने बोलतो. माझ्याकडे ४ सीएनसी मशीन, ७ माणसं. कार्डं ड्रॉवरमध्ये पडून असतात. आम्ही एकच बघतो, फोन केल्यावर पेमेंट कोण सोडवतो. कायद्याने आमच्यासारख्या लहान युनिटचं पेमेंट लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत व्हायला हवं. आयकराचं ४३बी(एच) कलम आल्यापासून, उशीर करून वर्षअखेरपर्यंतही पैसे दिले नाहीत तर कंपनीला त्या वर्षी तो खर्च आयकरात वजा दाखवता येत नाही, म्हणून मार्च आला की अकाउंट्सवाले जरा हलतात. बाकीचे ११ महिने बायरच अकाउंट्सच्या मागे लागतो. एका ठिकाणचा 'ज्युनिअर ऑफिसर' हे करतो, त्याचं काम मी रात्रपाळी लावून देतो. दुसरीकडचे 'हेड – स्ट्रॅटेजिक सोर्सिंग' फक्त दिवाळीच्या मेसेजला उत्तर देतात.

भांडार_विभाग
रेल्वेत हा प्रश्नच येत नाही. आमच्याकडे खरेदीचे अधिकार पदालाच चिकटलेले. कोणत्या हुद्द्याने किती रकमेपर्यंत मंजुरी द्यायची ते शेड्यूल ऑफ पॉवर्समध्ये छापलेलं असतं. पद वाचलं की माणसाची मर्यादा कळते. खाजगीतली तुमची पदं म्हणजे लग्नातल्या मानाच्या टोप्या.

दम्मामकर
आखाताचा विचार डोक्यात असेल तर पद हलक्यात घेऊ नका. इथे इकाम्यावर (सौदीतला राहण्याचा परवाना) व्यवसाय छापलेला असतो. काम प्रोक्युरमेंटचं आणि इकाम्यावर भलतंच काही, असं असलं की पुढे कटकट. आणि गोऱ्या कंपनीत 'बायर', 'सीनियर बायर' ही पदं चांगली मानाची आहेत. आपल्याकडेच ऐकून नाकं मुरडतात.

सीव्ही_चाळणारी
रिक्रूटर आहे. कटू बोलते. एका जागेला ३०० सीव्ही आले की मी पहिल्यांदा पदावर फिल्टर लावते. 'मॅनेजर' मागितला असेल तर सीनियर इंजिनिअर दिसतच नाही, मग त्याला सायकल टाइम कितीही येवो. हे बरोबर आहे असं नाही म्हणत, असं होतं एवढंच.

पण भोसरीकर, तुमच्या बाबतीत 'सोर्सिंग' आणि 'ॲल्युमिनियम डाय-कास्टिंग' हे दोन शब्द 'असिस्टंट मॅनेजर'पेक्षा जास्त शोधले जातात. आणि पुढे सीव्हीत स्वतःच 'मॅनेजर' लिहू नका हो. बॅकग्राउंड चेकमध्ये तेच पहिलं सापडतं.

ग्रे_आयर्न
पद सोडा, एचआरला दोन गोष्टी विचारा. सिस्टिममध्ये पीओ रिलीजची तुमची मर्यादा किती, म्हणजे किती रकमेपर्यंतची ऑर्डर तुमच्याच सहीने जाते? आणि नवा सप्लायर घ्यायचा प्रस्ताव तुम्ही मांडायचा की तो वरून ठरून येतो? दुसऱ्याचं उत्तर 'वरून' असेल तर २० टक्के पगारवाढ घेऊन पीओ पाडायला जाताय.

भोसरीचा_बायर
विचारलं. एचआरला पहिलं कळलंच नाही, तिने सोर्सिंगच्या साहेबांना जोडून दिलं. रिलीज मर्यादा शून्य, सही त्यांचीच. पण आरएफक्यू (सप्लायरकडून दर मागवणं), कंपॅरिटिव्ह (आलेल्या दरांची तुलना), सप्लायरशी बोलणी सगळं माझं. एडीसी-१२ या ॲल्युमिनियम मिश्रधातूचा दर हलला की किमती सुधारायचं कामही माझं. नवा सप्लायर मी सुचवायचा, क्वालिटीचं ऑडिट पास झालं तर येतो. शेवटी त्यांनीच विचारलं, "तुमच्याकडे डाय-कास्टिंग मशीनचा तासाचा दर टनेजप्रमाणे (मशीनच्या ताकदीप्रमाणे) कसा धरता?" वीस मिनिटं बोलत बसलो.

रेट_काँट्रॅक्ट
घ्या मग. फक्त मॅनेजर ग्रेडला किती वर्षांनी पात्र, ते मेलवर लिहून घ्या. फोनवरचं कुणाला आठवत नाही.

भोसरीचा_बायर
मेल टाकलाय. नोटीस ६० दिवस आहे, बायआउट (नोटीसचे पैसे भरून लवकर सोडवणं) देता का तेही विचारलंय. सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही.