मदत हवी आहे: नोकरी सांभाळून आंतरराष्ट्रीय संबंधांत एम.ए. करायचंय, पुण्यात राहून करू की दिल्लीला जाऊ?

नमस्कार मंडळी, बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं, आज काढतेच. जरा मोठा झालाय, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही असं वाटलं.

मी बारावीपर्यंत मराठी माध्यमात होते, मग पुण्यातच बी.कॉम. केलं आणि आता चाकणला एका कंपनीत एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन बघते. आमचा माल म्हणजे गाड्यांना लागणारे नट-बोल्ट आणि छोटे फोर्जिंग पार्ट, बहुतेक सगळा जर्मनी-इटलीला जातो. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल करायचं, फॉरवर्डरकडून (माल पाठवायची व्यवस्था करणाऱ्या एजंटकडून) बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे जहाजावर माल चढल्याच्या पावतीचा ड्राफ्ट आला की एकेक ओळ तपासायची, कंटेनर न्हावा शेवा बंदरात आत गेला की कस्टमरला मेल टाकायचा. जगाच्या राजकारणाशी माझा संबंध इतकाच होता की डॉलर-युरोचा रेट सकाळी बघायचा.

२०२३ च्या डिसेंबरात ते बदललं. नोव्हेंबरमध्ये येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात गॅलेक्सी लीडर नावाचं जहाज ताब्यात घेतल्याची बातमी बघितली होती, पण पुढे एकेका शिपिंग लाइनचे मेल यायला लागले की आमची जहाजं सुएझमधून जाणार नाहीत, आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपवरून जातील. म्हणजे हॅम्बुर्गला पोहोचायची अंदाजे तारीख (ईटीए) दहा-पंधरा दिवस पुढे, भाडं वाढलेलं आणि वर युद्धाच्या जोखमीचा वॉर रिस्क सरचार्ज वेगळा. बुकिंग एका मार्गाचं, ड्राफ्ट दुसऱ्या जहाजाचा, तिकडे कस्टमर म्हणतोय आमची लाइन थांबेल, आणि इकडे आमचे साहेब विचारतायत की अमेरिकेसारख्या देशाला येमेनमधला एक गट आवरत कसा नाही. हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला तो बसलाच.

मग रात्री घरी आल्यावर वाचायला लागले. अमेरिकेनं तिथल्या जहाजांच्या रक्षणासाठी ऑपरेशन प्रॉस्पेरिटी गार्डियन नावाची आघाडी सुरू केली, त्यात भारत गेला नाही. पण आपल्या नौदलाची जहाजं तिकडे स्वतंत्रपणे होतीच की, मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकाताच्या कारवाईत चाच्यांनी पळवलेलं एमव्ही रुएन हे जहाज सोडवलं, १७ खलाशी सुटले आणि ३५ सोमाली चाचे पकडून मुंबईला आणले. मग आघाडीत का गेलो नाही? यूट्यूबवर याची उत्तरं ढिगानं आहेत, पण प्रत्येक जण आपलं मत सांगतो, ते मत कशावरून बनवलं हे कुणी सांगत नाही. मला ते 'कशावरून' शिकायचंय. रीतसर, पुस्तकं वाचून, परीक्षा देऊन.

घरी सांगितलं तर बाबांचा पहिला प्रश्न "म्हणजे यूपीएससी का?" आणि आईचा "चांगली लागलेली नोकरी सोडून परत कॉलेज?" दोघांचंही बरोबर आहे त्यांच्या जागी. बाबा निवृत्त झालेत, घराचा हप्ता माझ्या पगारातून जातो, भाऊ अजून इंजिनिअरिंगला आहे. मला यूपीएससी करायची नाहीये, विषय शिकायचाय आणि पुढे त्यातच काम मिळालं तर करायचंय.

तर कॉमर्सवालीला या विषयाला प्रवेश मिळतो का, पुण्यात याचं चांगलं शिक्षण कुठे आहे, जेएनयूच हवं असं सगळे का म्हणतात, आणि इंग्रजीत एवढं सिद्धांतांचं वाचन मराठी माध्यमवाल्याला झेपतं का? आणि शेवटी नोकरी कसली मिळते? खरं खरं सांगा, गोड बोलू नका.

प्रतिसाद १

ताई, मी पुणे विद्यापीठातून राज्यशास्त्रात एम.ए. केलंय म्हणून पुण्याचं सांगतो. गणेशखिंडच्या कॅम्पसवर तुझ्या कामाचे दोन विभाग आहेत. एक राज्यशास्त्र व लोकप्रशासन, तिथे भारतीय राजकारण आणि राजकीय विचार जास्त, आंतरराष्ट्रीय संबंध हा त्यातला एक भाग. दुसरा संरक्षण आणि सामरिकशास्त्र विभाग, तिथे राष्ट्रीय सुरक्षा, युद्धशास्त्र, भूराजकारण असा भर. कॉमर्स असण्याची काही अडचण नसते, प्रवेश परीक्षेची तयारी मात्र मनावर घे. सिम्बायोसिसचं स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज पण पुण्यातच आहे, ते थेट याच विषयाचं, पण फी लाखांत जाते, हप्ता चालू असताना ती उडी विचार करून मार.

चाकणची नोकरी आणि रेग्युलर एम.ए. एकत्र होणार नाही, हजेरी असते. म्हणून माझं ऐकशील तर आधी इग्नूचं (मुक्त विद्यापीठाचं, घरून करता येणारं) एम.ए. राज्यशास्त्र बघ. पहिल्याच वर्षाला आंतरराष्ट्रीय संबंधांचा अख्खा पेपर आहे, आणि त्याचं सगळं साहित्य इग्नूच्या ई-ज्ञानकोश वेबसाइटवर फुकट वाचता येतं, फॉर्म न भरता सुद्धा. दोन-तीन युनिट वाचून बघ. तेव्हाही तुला रात्री जागून वाचावंसं वाटलं तर पुढचं ठरव.

अजून एक, आपल्याकडे पुणे इंटरनॅशनल सेंटर आहे, ते परराष्ट्र मंत्रालयाबरोबर एशिया इकॉनॉमिक डायलॉग भरवतात, बाकीही व्याख्यानं असतात. जाऊन बस. निवृत्त राजदूत, लष्करातले अधिकारी असे लोक प्रश्न विचारत असतात, ते ऐकून खूप कळतं.

प्रतिसाद २

मी जेएनयूच्या स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीजमधून एम.ए. केलं, मूळची सोलापूरची, बारावीपर्यंत मराठी माध्यम. त्यामुळे तुझा शेवटून दुसरा प्रश्न माझाही होता.

जेएनयूच का, तर हा विषय आपल्या देशात तिथेच रुजला. १९५५ साली दिल्लीत इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज निघालं, ते १९७० ला जेएनयूत आलं. त्यामुळे एकेका प्रदेशाचं वेगळं केंद्र, पश्चिम आशिया, रशिया-मध्य आशिया, दक्षिण आशिया, असं बाकी ठिकाणी सहसा मिळत नाही. प्रवेश सीयूईटी-पीजी या देशभरातल्या सामायिक प्रवेश परीक्षेतून होतो, फी अगदी नाममात्र, खर्च काय तो दिल्लीत राहण्या-जेवण्याचा. होस्टेल लगेच मिळेलच असं धरून चालू नकोस. दिल्लीतच साउथ एशियन युनिव्हर्सिटी आहे, २०१० ला सार्क देशांनी मिळून काढलेली, तिथेही या विषयात एम.ए. आहे आणि वर्गात नेपाळ, बांगलादेश, श्रीलंकेची मुलं असतात. 'भारताचा शेजार' हा धडा शेजारी बसलेल्या मुलीकडून ऐकणं ही फार वेगळी गोष्ट आहे.

आता सिद्धांतांचं. सगळे त्याला घाबरतात आणि पहिल्या सेमिस्टरला पाठ करायला जातात. तू तुझाच प्रश्न घे आणि त्याच्याकडे वेगवेगळ्या बाजूंनी बघ.

वास्तववादी म्हणतील की देशांच्या डोक्यावर कुणी पोलीस नाही, केनेथ वॉल्ट्झ या अभ्यासकानं १९७९ मध्ये हेच मांडलं, त्यामुळे जो तो आपली सुरक्षा आपण बघतो. हुथींच्या मागे इराण आहे, आणि भारतानं मे २०२४ मध्ये चाबहार बंदरासाठी इराणशी दहा वर्षांचा करार केला. मग अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या आघाडीत जाऊन इराणला दुखावण्यापेक्षा आपली जहाजं आपल्या झेंड्याखाली पाठवणं फायद्याचं. उदारमतवादी म्हणतील थांबा, नियम आणि संस्थाही बघा. समुद्राच्या कायद्याचा १९८२ चा करार आहे, त्यात चाचेगिरी म्हणजे खाजगी हेतूंसाठी केलेला हल्ला. रुएनवरचे चाचे त्यात बसतात, म्हणून २०२२ चा आपला चाचेगिरीविरोधी कायदा लावता येतो. हुथी राजकीय कारण पुढे करून हल्ले करतात, ते त्या व्याख्येत सहज बसत नाहीत. आणि हा करार भारतानं १९९५ ला मंजूर केला, अमेरिकेनं आजवर केलेला नाही, त्यावर विचार कर. तिसरे रचनावादी. अलेक्झांडर वेंट या अभ्यासकानं १९९२ मध्ये म्हटलं की डोक्यावर पोलीस नसणं म्हणजे काय हे शेवटी देशच आपसात ठरवतात. म्हणजे भारत स्वतःला कोण समजतो ते बघा. कुणाच्या गटात न जाणारा देश ही आपली जुनी ओळख, आणि हिंदी महासागरात मदतीला पहिला धावून जाणारा देश ही नवी. दोन्ही ओळखी सांभाळायच्या तर नेमकं हेच घडणार, आघाडीत नाही पण समुद्रात आहे.

यातलं एकच खरं असं नसतं. कुठल्या उत्तरानं किती उलगडतं आणि काय सुटतं हे दाखवणं म्हणजे हा अभ्यास. तू 'कशावरून' म्हणालीस ना, ते हेच.

इंग्रजीचं म्हणशील तर पहिले काही महिने जड गेलं. मी प्रत्येक लेखाचा सारांश आधी मराठीत अर्ध्या पानात लिहायचे, मग इंग्रजीत. मराठीत लिहिता आला नाही तर लेख कळलेलाच नाही असं समजायचे आणि परत वाचायचे. दुसऱ्या सेमिस्टरपासून आधी मराठीत लिहायची गरज उरली नाही.

धागाकर्ती

ताई, तुमचा प्रतिसाद सेव्ह करून ठेवलाय, जेवणाच्या सुट्टीत परत वाचला. चाबहारचा संबंध मी जोडलाच नव्हता. पण हे वाचताना वाटलं की मला युद्ध-जहाजं यापेक्षा त्यातून व्यापारावर काय होतं ते जास्त कळून घ्यायचंय. मग सामरिकशास्त्र माझ्यासाठी नाही का?

प्रतिसाद ३

तुमच्या दुसऱ्या पोस्टमध्येच उत्तर आहे. तुम्हाला हवाय तो विषय आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थशास्त्र, म्हणजे राजकारण आणि व्यापार यांचा एकमेकांवर काय परिणाम होतो ते. मी जर्मनीत मास्टर्स करून आलो आणि आता एका कंपनीत ट्रेड कम्प्लायन्सचं (आयात-निर्यातीचे नियम पाळले जातायत ना ते बघायचं) काम बघतो, म्हणून नोकरीबद्दल लिहितो.

तुम्ही नट-बोल्ट पाठवता म्हणालात, मग युरोपियन युनियनच्या कार्बन बॉर्डर टॅक्सचे, म्हणजे आयात माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावरच्या कराचे, सीबॅमचे एक्सेल तुमच्याकडे आलेच असतील. ऑक्टोबर २०२३ पासून रिपोर्टिंग सुरू झालं आणि स्टीलच्या बोल्टांचा ७३१८ हा एचएस कोड (कस्टम्सचा मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक) त्यात आहे. कस्टमर विचारतो एका टनामागे कार्बन किती, कंपनी म्हणते स्टील दुसऱ्याकडून घेतो, आम्हाला काय माहीत. भारत सरकारनं याला विरोध का केला, युरोप याला हवामानाचा उपाय म्हणतो आणि आपण व्यापारातला अडथळा का म्हणतो, यावर एम.ए.चा उत्तम प्रबंध होईल, आणि ती शीट स्वतः भरलेली मुलगी वर्गात तुम्ही एकट्याच असाल. याचा प्रवेश अर्जात जरूर उल्लेख करा.

नोकऱ्या सरळ 'आंतरराष्ट्रीय संबंध' अशी पाटी लावून येत नाहीत. थिंक टँकमध्ये (धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्थांत) रिसर्च असोसिएट, दिल्लीत ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशन (ओआरएफ), मनोहर पर्रीकर संस्था, मुंबईत गेटवे हाउस, पण जागा थोड्या आणि सुरुवातीचा पगार तुमच्या आत्ताच्यापेक्षा कमी असू शकतो, हे घरी आधीच सांगून ठेवा. मुंबईतल्या वकिलातींत स्थानिक स्टाफ घेतात, प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा पास झालात तर शिकवता येतं. आणि माझ्यासारखं काम, निर्बंध, एक्स्पोर्ट कंट्रोल, आपली स्कोमेटची (लष्करी कामालाही वापरता येतील अशा, परवान्याशिवाय निर्यात न करता येणाऱ्या वस्तूंची) यादी, यात तुमचा अनुभव थेट उपयोगी पडतो.

परदेशाचा विचार असेल तर ब्रिटनमध्ये मास्टर्स एक वर्षाचं असतं आणि ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, तो तुमच्याकडे आहेच. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, पण वर्षाला ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते) दाखवावे लागतात (मी गेलो तेव्हा कमी होते), शिवाय आपली पदवी तपासल्याचं एपीएस सर्टिफिकेट. तुमचे कस्टमर जर्मन आहेत, तर आत्तापासून रानडे इन्स्टिट्यूटला किंवा मॅक्समुल्लर भवनला जर्मन लावून टाका. कुठेही शिकलात तरी भाषा उपयोगी पडणारच.

एक सावधगिरी. जेएनयूत जागतिक अर्थव्यवस्थेवर एम.ए. इकॉनॉमिक्स पण आहे, नाव बघून मोह होईल, पण त्याला गणित पक्कं लागतं. तुम्ही राज्यशास्त्राच्या बाजूनं या आणि अर्थशास्त्राचे पेपर ऑप्शनला घ्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सीबॅमची शीट मीच भरते, आणि ती भरताना इतकी चिडचिड व्हायची की यात अभ्यासाचा विषय आहे हे सुचलंच नाही.

आज बाबांशी परत बोलले. असं ठरतंय की नोकरी चालू ठेवून इग्नूचा फॉर्म भरायचा, सोबत रविवारी जर्मन, भावाचं शेवटचं वर्ष संपेपर्यंत. मग जेएनयू आणि साउथ एशियनची परीक्षा द्यायची, चेव्हनिंगचा अर्जही करून बघायचा. आई अजून पूर्ण तयार नाही पण "दिल्लीला मुलींची राहायची सोय कशी असते" असं तिनं स्वतःहून विचारलं. तर ज्या ताई तिथे राहिल्यात त्यांनी जेएनयूजवळच्या मुनिरका, बेर सराय भागात पीजी (पेइंग गेस्टची सोय) कसे असतात, महिन्याचा खर्च साधारण किती येतो ते लिहाल का? मी आईला तेच वाचून दाखवणार आहे.