हायझेनबर्ग साखळी: १६ स्पिनची ऊर्जा बेथेच्या उत्तराशी का जुळत नाही?

नवा_हॅमिल्टोनियन:
स्पिन-१/२ ची अँटिफेरोमॅग्नेटिक (शेजारचे स्पिन उलटे राहू पाहणारी) साखळी, शेजाऱ्यांमधल्या जोडणीची ताकद जे = १. पायथनमध्ये ऊर्जेची (हॅमिल्टोनियनची) पूर्ण मॅट्रिक्स बांधून डायगोनलाइझ करतोय. १६ स्पिनना ग्राउंड स्टेटची (सर्वात कमी ऊर्जेच्या स्थितीची) ऊर्जा −६.९११७ येते, म्हणजे प्रति स्पिन −०.४३२०. अनंत साखळीचं बेथेचं अचूक उत्तर १/४ − लॉग २ (नैसर्गिक लॉग) = −०.४४३१. फरक बराच आहे. शिवाय १८ स्पिनला मेमरी एरर. पुढच्या ग्रुप मीटिंगमध्ये २४ पर्यंतचा आलेख दाखवायचाय. काय चुकतंय?

लँक्झोशभक्त:
कोड बरोबर आहे, साखळीची टोकं उघडी आहेत. १५ च बंध मोजले जाताहेत. शेवटचा स्पिन पहिल्याला जोडा, −७.१४२३ मिळेल, म्हणजे प्रति स्पिन −०.४४६४. उघड्या टोकांची चूक १/एन ने (एन म्हणजे स्पिनची संख्या) कमी होते, बंद साखळीची १/एन² ने. त्यामुळे आलेख १/एन² विरुद्ध काढा. उतार साधारण −०.८२ (π²/१२) यायला हवा. १६ च्या आकड्यात ०.८२/२५६ मिळवून पाहा, −०.४४३२ येतं.

आता मेमरी. १६ ला २ चा १६ वा घात, म्हणजे ६५,५३६ स्टेट्स, आणि पूर्ण मॅट्रिक्सला ३२ जीबी. १८ ला तेच ५१२ जीबी. एवढी रॅम मागून कुणी देत नाही. एकूण एसझेड (सगळ्या स्पिनच्या झेड-घटकांची बेरीज) जपला जातो, म्हणून फक्त शून्य एसझेडचा बेसिस घ्या: २४ स्पिनना २७,०४,१५६ स्टेट्स. प्रत्येक ओळीत सरासरी साडेतेराच शून्येतर घटक असतात, तेव्हा स्पार्स मॅट्रिक्स (फक्त शून्येतर घटक साठवलेली) अर्ध्या जीबीत मावते. पुढे लँक्झोश, म्हणजे मॅट्रिक्सने व्हेक्टरला पुन्हा पुन्हा गुणून सर्वात कमी ऊर्जा काढायची पद्धत.

बिट_मोजणारा:
स्टेट पूर्णांकात साठवा, एक बिट म्हणजे एक स्पिन. शेजारचे दोन बिट वेगळे असतील तर कर्णावर −१/४ आणि दोन्ही बिट उलटवलेल्या स्टेटशी १/२. सारखे असतील तर नुसते +१/४. हा १/२ विसरला किंवा स्पिनऐवजी पाउली मॅट्रिक्स घातल्या, की सगळे आकडे बिघडतात. २४ च्या आधी ४ स्पिन तपासा: बंद साखळीला नेमकं −२, उघडीला −१.६१६०. हे जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. (बंद साखळी २ स्पिनवर तपासू नका, एकच बंध दोनदा मोजला जातो.)

के_शून्य:
एक सापळा राहिला. मेमरी वाचवायला मोमेंटम सेक्टर लावाल (बंद साखळी एक घर सरकवल्यावर स्टेट कशी बदलते, त्या के नुसार वेगळे गट), तर एन ४ ने भागला जात असेल तेव्हा ग्राउंड स्टेट के = ० ला असते; १८ किंवा २२ ला के = π ला. नुसतं के = ० पाहिलं तर आलेखावर एक सोडून एक बिंदू वर उडी मारतो, आणि लोक कोडमध्ये बग शोधत बसतात. विषम एन मात्र या आलेखात मिसळूच नका, तिथे एक बंध कायम असमाधानी राहतो.

नवा_हॅमिल्टोनियन:
शेवटचा बंध जोडला. ४ ला −२, १६ ला −७.१४२३. पण हाताने लिहिलेल्या लँक्झोशमध्ये १५० पायऱ्यांनंतर तीच सर्वात कमी ऊर्जा दोनदा दिसते. डीजनरसी (एकाच ऊर्जेच्या दोन स्टेट्स)?

लँक्झोशभक्त:
नाही. सम स्पिनच्या साखळीची ग्राउंड स्टेट सिंग्लेट (एकूण स्पिन शून्य) आहे, एकटीच. राउंडिंगमुळे व्हेक्टरांची परस्परलंबता सुटते आणि भूत (त्याच ऊर्जेची खोटी प्रत) उगवतं. दर पायरीला आधीच्या सगळ्या व्हेक्टरांशी पुन्हा ऑर्थोगोनलाइझ करा. २४ ला एक व्हेक्टर २२ एमबीचा, १५० ठेवले तरी सव्वातीन जीबी. फक्त ग्राउंड स्टेटची ऊर्जाच हवी असेल तर भूत तसंच राहू द्या, तो आकडा बदलत नाही.